वापराचे तास

समोरचा पोर्ट ढिला निघाला. रूपा टेबलाखाली वाकली, भिंत आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या फटीत हात घातला आणि चाचपत मागच्या बाजूला पेन ड्राइव्ह बसवला. बोटांना धूळ चिकटली. उठताना तिने टेबलाची कड धरली आणि क्षणभर तशीच थांबली. कंबर सरळ व्हायला तिला आताशा वेळ लागत असे.

“यात काय बघता मॅडम?” बिलिंगच्या मुलीने खुर्ची मागे सरकवून घेत विचारलं. खिडकीबाहेर पेशंटच्या नातेवाइकांची रांग खोळंबली होती.

“मेमरी किती, डिस्क किती, विंडोज कुठलं. जुनी मशीनं बदलायचीत, त्यासाठी.”

हे वाक्य या रुग्णालयात तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. तिने क्लिक केलं. काळी खिडकी उघडली, पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, आणि मुलीने मान वळवेपर्यंत खिडकी मिटलीही.

“झालं?”

“झालं.”

“बरंय बाई. चहा घेऊन जा, आत्ताच आलाय.”

रूपाने चहा घेतला. सगळीकडे लोक चहा देत होते. नव्या मशीनच्या आशेने कुणी तिला बसायला पंख्याखालची जागा देई, कुणी आपलं मशीन किती रडवतं ते सांगे. ती मान डोलवत असे आणि पुढच्या टेबलाकडे जात असे.

मुकुंदवाडीत अतुलच्या दुकानवजा ऑफिसात ती नोकरीला होती. शहरातल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट अतुल घेई आणि फिरायचं काम रूपाकडे असे. पूर्वी अशी मोजणी करायची म्हणजे एकेक डबा स्क्रू काढून उघडायचा, आतले नंबर वाचायचे. त्या कामाला कंटाळून रूपाने घरी बसून ही स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. पेन ड्राइव्ह लावायचा, ती चालवायची. मशीन स्वतःची सगळी माहिती स्वतः सांगतं आणि फाइलमध्ये एक ओळ वाढते. पहिल्यांदा ती बिनचूक चालली तेव्हा रूपाने नवऱ्याला हाक मारून दाखवली होती. त्याने “भारीय” म्हटलं होतं आणि परत मॅच बघायला गेला होता, तरी तिला बरं वाटलं होतं.

या रुग्णालयाचं काम आलं तेव्हा अतुलने त्यात एक रकाना वाढवायला सांगितला. कीबोर्डला बराच वेळ हात लागला नाही की पडदा काळा होतो, आणि ती वेळ मशीन आपल्या पोटात नोंदवून ठेवतं. तेवढं उचलायचं. म्हणजे दिवसाला सरासरी किती तास माणूस कॉम्प्युटरवर होता, ते निघतं.

“लोकांना सांगायचं?” रूपाने विचारलं होतं.

“कशाला? तिथल्या साहेबांनी मागितलंय. तू मशीनचं बघतेयस, एवढंच सांग.”

ते खोटंही नव्हतं. तिने रकाना वाढवला.

पहिल्या मजल्यावर एक्स-रे विभागाच्या टोकाला एक अरुंद खोली होती. आतून कीबोर्डचा आवाज येत होता, एकसारखा, न अडखळता. रूपाने दार ढकललं. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ कानाला हेडफोन लावून बसले होते. पाय टेबलाखालच्या पॅडलवर होता, नजर पडद्याकडे नव्हे तर कुठेतरी वर, ट्यूबलाइटच्या बाजूला. ते टाइप करत होते, पण समोरचा पडदा बंद होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

“कोण?” त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

“मी रूपा. कॉम्प्युटरची माहिती घ्यायला आलेय. तुमचं नाव पठाडे ना? सर्जेराव पठाडे?”

“व्हय. या, बसा. स्टूल तुमच्या उजव्या अंगाला आहे.” ते पॅडलवरचा पाय काढून घेत म्हणाले, “बिलिंगवाल्या पोरीनं सांगितलं, तुम्ही येताय म्हणून. माझं मशीन लई म्हातारं आहे. माझ्यासारखंच.”

सर्जेराव रुग्णालयाचे टायपिस्ट होते. डॉक्टर एक्स-रे आणि सोनोग्राफी बघून निदान तोंडी सांगत, ते रेकॉर्ड होई, आणि सर्जेराव पायाखालच्या पॅडलने ते थांबवत-चालवत ऐकून त्याचा रिपोर्ट टाइप करत. डोळे लहानपणी देवीच्या तापासारख्या कसल्याशा तापात गेले होते. कॉम्प्युटरमध्ये त्यांच्यासाठी पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं.

“पडदा लावू का मी? मला बघायला लागेल,” रूपा म्हणाली.

“लावा की. आणि थांबा, हेडफोन काढतो. बाहेर आवाज येऊ द्या. नायतर तुम्हाला वाटायचं, हा माणूस काय लपवतोय.”

त्यांनी वायर उपटली. रूपाने पेन ड्राइव्ह लावला आणि सवयीने क्लिक केलं.

काळी खिडकी उघडली आणि कॉम्प्युटर बोलू लागला. तिने या ओळी लिहिल्या तेव्हापासून त्या कुणी मोठ्याने वाचल्या नव्हत्या. आता एक कोरडा, नाकातला आवाज सगळं वाचत सुटला: प्रोसेसर, ड्युअल कोअर. मेमरी, टू जीबी. विंडोज सेव्हन. स्टेटस, नॉट फिट. रूपाचा हात खिडकी बंद करायला पुढे झाला, पण मशीन म्हातारं होतं, ते तिच्या हाताला दाद देईना. अॅक्टिव्ह अवर्स पर डे, आवाज म्हणाला, सेव्हन पॉइंट टू.

मग खिडकी मिटली आणि खोलीत फक्त पंखा उरला.

“नॉट फिट,” सर्जेराव हसले. “ते माहितीच होतं. आणि हे शेवटचं काय म्हणालं?”

“काही नाही काका, मशीनचंच आहे.”

“अॅक्टिव्ह म्हणजे माणूस, मॅडम. मशीनला कोण अॅक्टिव्ह म्हणतं?”

रूपा स्टुलावर बसली. सकाळपासून ती उभी होती. पाय भरून आले होते, आणि आणखी एक वाक्य रचण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

“माणूस रोज किती वेळ कॉम्प्युटरवर असतो, ते आहे,” ती म्हणाली.

“सगळ्यांचं घेतलं?”

“हो.”

“सांगून?”

रूपा बोटांवरची धूळ पुसू लागली. सर्जेरावांनी परत विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं एखादा हिशेब जुळावा तसं काहीतरी जुळून आलं होतं.

“म्हणजे माणसं कमी करणार. बोलतात सगळे. म्हटलं, कशावरून ठरवणार?” त्यांनी विचारलं, “माझं कमी आलंय का जास्त?”

“जास्त. आतापर्यंत सगळ्यात जास्त तुमचंच आहे.” हे तरी सांगण्यासारखं होतं, म्हणून ती घाईने म्हणाली, “तुम्हाला काही काळजी नाही काका. उलट नवीन मशीन मिळेल.”

सर्जेरावांनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

“दार लावा जरा,” ते म्हणाले.

तिने दार लावलं.

“दिवाळीपासून माझ्याकडं एक रेकॉर्डिंग आलेलं नाय. डॉक्टर आता मोबाइलमध्ये बोलतात, तिकडंच टाइप होऊन निघतं. मला कुणी सांगितलं नाय. एक दिवस आलं नाय, दोन दिवस आलं नाय. मी विचारलं. म्हणाले, येईल. मग विचारायचं सोडलं.”

“मग आत्ता तुम्ही काय टाइप करत होता?”

“जुनेच. मागच्या सालचे. एक झाला की दुसरा. शेवटाला पुसून टाकतो.” त्यांनी घसा साफ केला. “बोटं थांबली की बाहेरचे डोकावतात. झोपला का बघायला. दिसत नसलं तरी कळतं की. मग वाटलं, आवाज चालू राहू द्यावा. फुकट पगार खातो म्हणायला नको कुणी.”

रूपाला आपल्या सासऱ्यांची आठवण झाली. कारखान्यातून कमी केल्यावरही ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत, आणि स्टेशनच्या बाकावर बसून येत.

“रेकॉर्डरूमला जाऊन आलात?” त्यांनी विचारलं.

“नाही, आता तिकडेच जायचंय.”

“तिथं कडूबाई असतात. त्यांचं किती येईल?”

“बघावं लागेल.”

“काही येणार नाय. त्यांच्या कॉम्प्युटरवर कापड असतं. बाई दिवसभर शिडीवर. कुणाची जुनी फाइल पाहिजे, कुणाला विम्याला कागद पाहिजे, कुणाला कोर्टात. तीन माणसांचं काम एकटी ओढते.” ते थोडे पुढे वाकले. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणजे मी कामाचा आणि त्या बिनकामाच्या. असंच निघंल ना?”

रूपाने पेन ड्राइव्ह काढला. ती दारापर्यंत गेली तरी मागे कीबोर्डचा आवाज सुरू झाला नाही.

रेकॉर्डरूम तळघरात होती. छतापर्यंत लोखंडी रॅक, सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर पदर खोचून उभ्या असलेल्या कडूबाई त्रिभुवन. खाली खिडकीशी एक म्हातारं जोडपं वाट बघत होतं.

“कन्नड तालुक्यातले ना तुम्ही? पाय मोडला होता, उन्हाळ्यात? मिळाली, मिळाली,” वरून कडूबाई ओरडल्या. खाली उतरून त्यांनी फाइल दिली, म्हाताऱ्याची सही घेतली, त्याच्या बायकोला झेरॉक्स कुठे मिळेल ते हात करून दाखवलं, आणि मग रूपाकडे वळल्या.

“हे काय ते मशीन. बघा बाई, चालू होतं का.”

कापड काढल्यावर कॉम्प्युटर कण्हत सुरू झाला. रूपाने स्क्रिप्ट चालवली. शेवटच्या रकान्यात जे यायला नको होतं तेच आलं. जवळजवळ काहीच नाही.

“वर पठाडेंकडं जाऊन आलात का?” कडूबाईंनी विचारलं. त्या पदराने कपाळ टिपत होत्या. “काय बोलले?”

“काही विशेष नाही.”

“बोलणारच नायत.” कडूबाईंनी खिडकीबाहेर कुणी नाही याची खात्री करून घेतली. “त्यांचा रिपोर्ट शेवटी माझ्याकडंच यायचा फाइलला. दिवाळीपासून एक आला नाय. टाइपचा आवाज मात्र जिन्यापर्यंत येतो. मला काय कळत नाय व्हय? पण मी त्यांना कधी दाखवलं नाय. तुमच्या मशीनमध्ये दिसलं असंल तर दिसू द्या बाई, पण कुणाला सांगू नका. त्यांची पोरगी बी.एड. करतीय. नोकरी गेली तर त्या माणसाला दुसरं दार नाय.”

रूपाने मान हलवली. तिला या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं.

प्रशासन अधिकारी विश्वजीत साहेबांच्या केबिनमध्ये ती फाइल दाखवायला गेली तेव्हा ते जेवण आटोपून गोळी घेत होते. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे फिरवला आणि सरळ शेवटच्या रकान्यावर आले.

“टायपिस्ट एवढा बिझी असतो? मला वाटलं होतं ते काम बंद झालं. आणि रेकॉर्डचं काय हे? शून्य?”

“साहेब, तो आकडा भरवशाचा नाही. त्या बाई—”

“मॅडम, भरवसा मला कुठं पाहिजे?” ते रागावले नव्हते, थकले होते. “ट्रस्टी म्हणतात दोन-चार माणसं कमी करा. कुठली, म्हणून विचारलं तर म्हणतात, ते तुम्ही बघा. उद्या माझ्या दारात लोक रडत येणार. मला बोट ठेवायला काहीतरी पाहिजे ना.”

दार वाजलं. सर्जेराव आत आले. कडूबाईंनी त्यांना दंडाला धरून आणलं होतं आणि त्या जायला वळत होत्या. आपण त्यांना रजेच्या अर्जासाठी इथवर आणलं आहे, अशीच त्यांची समजूत असावी.

“साहेब, दोन मिनिटं,” सर्जेराव म्हणाले. “माझ्या टेबलावर दिवाळीपासून काम नाय. मी टाइप करतो ते जुनं करतो. तुमच्याकडं माझे जे तास आलेत ते खरे नायत.”

विश्वजीत साहेबांनी चष्मा काढला.

“काहीतरीच काय बोलताय!” दारातून कडूबाई पुढे आल्या. “साहेब, यांना बरं नाय आज. सकाळपासनं ताप आहे. दिवसभर टाइप चालू असतं यांचं. रिपोर्ट माझ्याकडं येतात ना, मला माहीत आहे.”

“बाई, तुम्ही मधी बोलू नका,” सर्जेराव म्हणाले.

“का नाय बोलायचं? खोटं ऐकून घेऊ?”

“खोटं कोण बोलतंय ते तुम्हाला माहीत आहे.”

सर्जेरावांनी मान कडूबाईंच्या दिशेने वळवली होती, पण ती थोडी चुकली होती. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे होते. साहेबांनी एकाकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं आणि शेवटी रूपाकडे.

“मॅडम, तुमच्या मशीनमध्ये काय आहे? ते सांगा, म्हणजे विषय मिटेल.”

लॅपटॉप उघडाच होता. दोन ओळी एकाखाली एक होत्या. त्यातली एक वाचली असती तर कडूबाईंचं खोटं खरं ठरलं असतं, आणि दुसरी वाचली असती तर बाईंचीच गच्छंती झाली असती. रूपाने लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

“त्यात एवढंच आहे साहेब, की कीबोर्डवर कुणाचा हात किती वेळ होता. काम कुणी केलं, ते त्यात नाही. तो रकाना मी लिहिलाय, म्हणून सांगते. त्यावरून माणसं काढू नका.”

“कसला रकाना?” कडूबाईंनी विचारलं.

साहेबांनी रूपाकडे बघून किंचित मान हलवली, नको म्हणून.

“तुम्ही कॉम्प्युटरवर किती वेळ असता तो, मावशी,” रूपा म्हणाली. “सगळ्यांचा घेतलाय. मी मशीनचं बघतेय म्हणून सांगितलं, पण तेही घेतलंय. तुमचं काहीच आलेलं नाही.”

कडूबाईंनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं. फाइलींच्या धुळीने ते मनगटापर्यंत करडे झाले होते. मग त्यांनी सर्जेरावांकडे पाहिलं, आणि हा माणूस इथे कशासाठी आला होता ते तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा उजळला नाही. उलट कुणीतरी चारचौघांत अपमान करावा तसा तो आवळला.

“मी सांगितलं होतं का तुम्हाला?” त्या सर्जेरावांना म्हणाल्या आणि एकट्याच निघून गेल्या.

सर्जेरावांना खोलीपर्यंत रूपाने पोचवलं.

संध्याकाळी अतुलचा फोन आला. तो बराच वेळ बोलत होता आणि ती ऐकत होती. राहिलेली मशीनं दुसऱ्याने पुरी केली, फाइल गेली, आणि तो रकाना फाइलीतच गेला. रूपाला बजाजनगरच्या एका शाळेचे प्रिंटर दुरुस्त करायला पाठवलं. घरी येऊन भाकरी टाकताना तिच्या मनात येई, की रुग्णालयात फोन करून विचारावं, त्या दोघांचं काय झालं. नंबर होता. तिने केला नाही.

एप्रिलमध्ये नवीन मशीनं आली तेव्हा अतुलकडे माणूस नव्हता, म्हणून तिलाच परत जावं लागलं. बिलिंगच्या मुलीने या वेळी चहा विचारला नाही. पहिल्या मजल्यावरची ती खोली औषधांच्या खोक्यांनी भरली होती. तळघरात उतरल्यावर तिला आधी सर्जेरावांचा आवाज ऐकू आला.

“गाव कुठलं? कधी भरती झाला होता? नाव पूर्ण सांगा.” ते रेकॉर्डच्या खिडकीत बसले होते. त्यांनी समोरच्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेतलं आणि मागे न बघता मोठ्याने म्हणाले, “खुलताबाद, मागचा श्रावण, हर्निया.” वर कुठेतरी शिडी सरकली. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने कडूबाई खाली आल्या, फाइल सर्जेरावांच्या हाताशी ठेवली आणि परत वर गेल्या.

रूपाने मशीन जोडलं. सर्जेरावांनी तिचा आवाज ओळखला.

“टायपिस्टची जागा बंद केली,” त्यांनी सांगितलं. “अर्धा दिवस कंत्राटावर इथं बसवलंय. साहेबांनीच जमवलं. वाईट माणूस नाय तो. बाईंची जागा राहिली.”

“बरं झालं काका.”

“झालं खरं.” त्यांनी आवाज खाली आणला. “बाई बोलत नायत माझ्याशी. तेव्हापासनं. म्हणतात, जन्मभर कुणाचा उपकार घेतला नाय, तुम्ही न विचारता गळ्यात घातला. खरं आहे त्यांचं. विचारायला पाहिजे होतं.”

वर फाइलींचा गठ्ठा आपटल्याचा आवाज झाला. सर्जेरावांनी मान तिकडे वळवली.

काम संपवून रूपा बाहेर पडली तेव्हा ऊन उतरलं होतं तरी रस्ता तापलेलाच होता. पलीकडच्या स्टॉपवर सर्जेराव उभे होते, हातात काठी, खांद्याला पिशवी. त्यांची सुट्टी दुपारीच होत असणार. ते इतका वेळ कुठे बसले होते कोण जाणे. त्यांच्यापासून चार हातांवर, दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या, कडूबाई उभ्या होत्या. मध्ये एक उसाच्या रसाची हातगाडी होती.

एक बस आली. कडूबाईंनी पाटी वाचली आणि जागच्या हलल्या नाहीत. सर्जेरावही हलले नाहीत. ते कानोसा घेत होते, बसचा नाही, बाईंच्या बाजूचा.

मग दुसरी आली. कडूबाई हातगाडीला वळसा घालून पुढे झाल्या आणि पायरीवर चढल्या. मागे कंडक्टर घंटी मारायला दोरीला हात घालत होता. त्या वळल्या.

“चढा,” त्या म्हणाल्या. “डाव्या हाताला दांडा आहे.”